एक कंपनी, दोन लॅपटॉप : फरक नेमका कशात?

बारावीचा निकाल लागला की देवणीसारख्या तालुक्याच्या गावातही लॅपटॉपची चौकशी सुरू होते. मुलगी किंवा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी लातूरला, पुण्याला निघालेला असतो. मागल्या हंगामातील सोयाबीनचे थोडे पैसे राखून ठेवलेले असतात. अशा वेळी पालक गावातील विज्ञानाच्या शिक्षकांकडे येतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : कंपनी तीच, आतला प्रोसेसरही तोच, मग एका लॅपटॉपची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट का?

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. 'आत सगळे सारखेच असते, स्वस्तातला घ्या' हे पहिले आणि 'महाग ते टिकाऊ' हे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ती का अपुरी आहेत हे समजण्यासाठी एकाच कंपनीची दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहू या.

दोन घराणी

उदाहरणासाठी लेनोवो ही कंपनी घेऊ, कारण तिच्या दोन्ही टोकांच्या मालिका आपल्याकडे सर्रास विकल्या जातात आणि प्रत्येक मॉडेलचा सविस्तर तांत्रिक तक्ता कंपनी प्रसिद्ध करते. स्वस्त बाजूला 'आयडियापॅड स्लिम ३' आहे, तर महाग बाजूला 'थिंकपॅड एक्स१ कार्बन'. तुलना दोन्हींच्या २०२३ सालच्या आवृत्त्यांची करू.

या दोघांवर नाव एकाच कंपनीचे असले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. थिंकपॅड मुळात आयबीएमचा. तो १९९२ साली बाजारात आला. २००५ साली लेनोवोने आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय विकत घेतला व त्यासोबत थिंकपॅडही तिच्याकडे आला. आयडियापॅड ही मालिका लेनोवोने स्वतः २००८ साली सुरू केली.

थिंकपॅड घेणारे गिऱ्हाईक म्हणजे बँका, कचेऱ्या, मोठे कारखाने. ते एका वेळी शेकडो यंत्रे घेतात आणि घेण्यापूर्वी विचारतात : किती वर्षे चालेल, सुटे भाग किती काळ मिळतील, दुरुस्त कोण करील? आयडियापॅड घेणारे गिऱ्हाईक म्हणजे आपण. आपण दुकानात विचारतो : रॅम किती, प्रोसेसर कोणता, सवलत किती? ज्याने जे विचारले, ते त्याच्या यंत्रात भरले गेले. पुढील सर्व फरकांचे मूळ बहुतांशी येथे आहे.

प्रोसेसर : नाव एक, काम वेगळे

इंटेलचा 'कोअर आय५-१३३५यू' हा प्रोसेसर वरील दोन्ही यंत्रांत मिळतो. त्याची मूळ विद्युतशक्ती १५ वॅट असून तो थोड्या काळासाठी ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ती उष्णता तांब्याची नळी, पंखे व झरोके यांच्या वाटे बाहेर काढावी लागते. ती किती वेगाने बाहेर पडते, त्यावर प्रोसेसर किती वेळ जोरात चालू द्यायचा हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून खोक्यावर एकच नाव असूनही दीर्घकाळ चालणाऱ्या कामात दोन यंत्रांचा वेग वेगळा पडू शकतो.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रश्नपत्रिका टंकलिखित करणे, गुणपत्रक करणे, शैक्षणिक चित्रफीत दाखवणे ही कामे दोन्ही यंत्रे सारख्याच सहजतेने करतात. शाळेच्या व पदवीच्या बहुतेक कामांत तिप्पट किमतीने तिप्पट वेग मिळत नाही. वेगासाठी जास्त पैसे मोजणारा माणूस चुकीच्या गोष्टीचे पैसे मोजत असतो.

पडदा : खरा फरक

स्वस्त यंत्राच्या १५.६ इंची पडद्याचे दोन प्रकार मिळतात. एक 'टीएन' प्रकारचा, तेजस्विता २५० निट. दुसरा 'आयपीएस' प्रकारचा, ३०० निट. महाग यंत्राचा पडदा किमान आयपीएस व ४०० निटचा आहे. निट म्हणजे पडद्याच्या एका चौरस मीटरमागे एक कँडेला इतकी तेजस्विता. शाळेच्या व्हरांड्यात किंवा उघड्या खिडकीसमोर २५० निटचा पडदा फिकट पडतो.

टीएन पडद्यात द्रवस्फटिकांचे रेणू पिळाच्या रचनेत असतात आणि विजेच्या दाबाने हा पीळ सुटतो. समोरून पाहिले तर चित्र ठीक दिसते. बाजूने, विशेषतः खालून किंवा वरून पाहिले, की रंग उलटे-पालटे होतात. आयपीएस पडद्यात रेणू पडद्याच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूनेही चित्र जवळपास तसेच राहते. एकट्याने काम करणाऱ्याला हा फरक सोसवतो. पण आपल्या शाळांत एका लॅपटॉपभोवती आठ-दहा मुले दाटीवाटीने बसतात. समोरच्या दोघांना पेशीचे चित्र दिसते आणि कडेच्या मुलांना नुसता काळपट डाग. हा फरक खोक्यावर ठळक छापलेला नसतो.

रंगांचेही तसेच. वरील स्वस्त यंत्राच्या दोन्ही पडद्यांवर प्रमाण रंगपटलाचा साधारण तीन-पंचमांश भागच उमटतो. लिटमसचा जांभळट रंग व सूक्ष्मदर्शकाखालच्या रंगवलेल्या पेशी त्यावर मळकट दिसतात.

बॅटरी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

स्वस्त यंत्राची बॅटरी ४७ वॅट-तासांची, महाग यंत्राची ५७ वॅट-तासांची. यंत्र सरासरी ८ वॅट वीज घेत असेल, तर पहिले सुमारे सहा तास व दुसरे सुमारे सात तास चालेल. म्हणजे फरक आहे, पण किमतीच्या मानाने फार थोडा. वजनात मात्र तो जाणवतो : स्वस्त यंत्र सुमारे १.६ किलो, महाग यंत्र सुमारे १.१ किलो. रोज प्रवास करणाऱ्याला याचे मोल आहे. शाळेच्या कपाटात राहणाऱ्या यंत्राला नाही.

येथे दोन्ही यंत्रांचा एक समान दोष दाखवला पाहिजे. दोघांच्याही तक्त्यात 'वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस' असे लिहिलेले आहे. लातूर-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंश ओलांडते. पत्र्याच्या खोलीत ते त्याहून जास्त असते. लिथियम-आयन बॅटरीतील नको असलेल्या रासायनिक अभिक्रिया उष्णतेने वाढतात आणि तिची क्षमता कायमची कमी होते. पूर्ण भरलेली बॅटरी उष्ण जागी ठेवली तर हे नुकसान अधिक वेगाने होते. दीड लाखाचे यंत्रही या नियमाला अपवाद नाही. यावर उपाय बिनपैशाचा आहे : दोन्ही मालिकांत बॅटरी सुमारे ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी आणि यंत्र उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये.

सांगाडा आणि दुरुस्ती

बैल बाजारात जाणता शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, जनावर चालवून पाहतो. देवणी जातीचा बैल ओळखणाऱ्या भागात ही पारख नव्याने शिकवावी लागू नये. लॅपटॉपचे दात म्हणजे त्याच्या बिजागऱ्या, आणि त्याचे खूर म्हणजे दुरुस्तीची सोय.

स्वस्त यंत्राचे कवच प्लॅस्टिकचे असते. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी चाकीत धरलेले असले, तर रोजच्या उघडझापीने ते प्लॅस्टिक चिरते. महाग यंत्रात कार्बन तंतू व मॅग्नेशियमचे मिश्रधातू वापरतात, आणि कळफलकावर थोडे पाणी सांडले तरी ते आत झिरपू नये अशी रचना असते. 'सैनिकी दर्जा' हे शब्द मात्र सावधपणे वाचावेत. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणी-पद्धती आहे, प्रमाणपत्र नव्हे. तिच्यातील कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी स्वतः ठरवते. अलीकडे हे शब्द स्वस्त मालिकांच्या जाहिरातींतही दिसतात.

आता एक अनपेक्षित गोष्ट. एक्स१ कार्बनमध्ये रॅम मुख्य पाटीवर डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आयडियापॅड स्लिम ३ च्या हाच प्रोसेसर असलेल्या आवृत्तीतही तसेच आहे. म्हणजे या बाबतीत सर्वात महाग यंत्र सर्वात स्वस्ताइतकेच गरीब! एकाने सडपातळपणासाठी हे केले, दुसऱ्याने खर्च वाचवण्यासाठी. ग्राहकाच्या वाट्याला आलेला परिणाम एकच. याउलट त्याच कंपनीच्या मधल्या किमतीच्या 'थिंकपॅड टी१४' या यंत्राच्या २०२४ सालच्या पाचव्या पिढीत रॅमच्या दोन खाचा आहेत, आणि दुरुस्तीची सुलभता तपासणाऱ्या 'आयफिक्सिट' या संस्थेने त्याला १० पैकी ९ गुण दिले. म्हणजे टिकाऊपणा किमतीबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. 

देवणीच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे. येथे यंत्र बिघडले तर उदगीर किंवा लातूर गाठावे लागते. 'जागेवर सेवा' असे हमीपत्रात लिहिलेले असले तरी ती आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.

मुद्दाम ठेवलेले उणेपण

स्वस्त वस्तूतील प्रत्येक उणीव खर्च वाचवण्यासाठीच असते असे नाही. १९९१ साली इंटेलने ४८६एसएक्स हा प्रोसेसर आणला. तो म्हणजे आधीचा ४८६डीएक्सच. सुरुवातीच्या नगांत गणिती आकडेमोडीचा भाग आत असूनही बंद केलेला होता. आयबीएमने १९९० साली एका लेझर छपाईयंत्राची स्वस्त आवृत्ती काढली. मूळ यंत्र मिनिटाला १० पाने छापत असे, स्वस्त यंत्र ५. वेग कमी करण्यासाठी त्यात जादा व्यवस्था बसवलेली होती! फ्रेंच अभियंते ज्यूल द्युपुई यांनी १८४९ सालीच आगगाडीविषयी हे ओळखले होते : तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसते ते छपराचा खर्च वाचावा म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून.

आजच्या लॅपटॉपमधील कोणती उणीव खर्चामुळे आहे आणि कोणती धोरणामुळे, हे बाहेरून सिद्ध करणे अवघड असते. पण जी सोय द्यायला फारसा खर्च येत नाही, उदाहरणार्थ रॅमची एक खाच किंवा दुरुस्तीची पुस्तिका, ती नसेल तर ग्राहकाने जाब विचारणे योग्यच ठरते.

हिशेब

किमतीची तुलना वर्षांनी भागून करावी. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी मानलेले आहेत. समजा, ५०,००० रुपयांचे यंत्र ४ वर्षे चालले : वर्षाला १२,५०० रुपये. मधल्या वर्गातील ८०,००० रुपयांच्या यंत्रात पुढे ८,००० रुपयांची बॅटरी बदलली व ते ७ वर्षे चालले : वर्षाला सुमारे १२,६०० रुपये. दीड लाखाचे यंत्र ७ वर्षे चालले : वर्षाला सुमारे २१,४०० रुपये. स्वस्त यंत्राशी बरोबरी साधायला त्याला १२ वर्षे चालावे लागेल. मधल्या यंत्राचा वार्षिक खर्च स्वस्ताइतकाच, शिवाय पडदा बरा, कचरा कमी.

तेव्हा निर्णय असा देता येईल. पैसे कमी असतील तर स्वस्त मालिका घेण्यात कमीपणा नाही. मात्र आयपीएस पडदा, रॅमची खाच असलेली आवृत्ती आणि वाढीव हमी यांचा आग्रह धरावा. अतिमहाग सडपातळ यंत्र शाळेने घेऊ नये. शक्य असेल तर मधल्या वर्गातील कचेरी-मालिकेचे यंत्र घ्यावे. ते कचेरीतून परत आलेले व दुरुस्त करून विकलेलेही चालेल. मात्र विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असून, विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, हे जुने यंत्र घेताना तपासावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. पडद्याची लांबी व रुंदी बिंदूंत घ्या. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढा व पडद्याच्या इंचांनी भागा. १३६६ × ७६८ बिंदूंच्या १५.६ इंची पडद्यावर इंचाला सुमारे १०० बिंदू येतात, तर १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे १४१. दोन्हींवर 'ट्ट', 'द्ध', 'र्ं' ही अक्षरे लहान आकारात लिहून वाचा. काना-मात्रांच्या लिपीला इंग्रजीपेक्षा अधिक बिंदू का लागतात, हे मुलांना स्वतःच उमगेल.

२. एक रंगीत चित्र उघडा व मुलांना समोरून, दोन्ही बाजूंनी व खालून पाहायला सांगा. चित्र पालटते का? पडदा टीएन की आयपीएस, हे त्यांनाच ओळखू द्या.

३. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता व आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. दर तीन महिन्यांनी ते नोंदवून आलेख काढा. उन्हाळ्यानंतर रेषेचा उतार बदलतो का, ते पाहा.

कचेऱ्यांना टिकाऊ यंत्रे मिळाली, कारण त्यांनी टिकाऊपणाविषयी विचारले. असे प्रश्न देवणीच्या दुकानातही विचारले जावेत यासाठी आधी ते वर्गात विचारले गेले पाहिजेत.