बाटलीतला धागा, बोंडातला धागा

दिवाळीच्या सुमारास सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने नवापूरहून नंदुरबारकडे येताना कापडाची दोन कुळे एकदम भेटतात. डब्यात सुरतेच्या सिंथेटिक साड्यांचे गठ्ठे, खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस. यांतले पर्यावरणाला कमी जड कोणते? अलीकडे याचे एक अनपेक्षित उत्तर प्रतिष्ठा पावले आहे: पॉलिस्टर, त्यातही टाकाऊ बाटल्यांपासून केलेले. फेब्रुवारी 2023 मध्ये पंतप्रधान अशा कापडाचे जॅकेट घालून संसदेत आले आणि ते उत्तर घरोघर पोहोचले. मला ते तपासावेसे वाटते, कारण त्यात कापूस पिकवणारा आरोपी ठरतो.

या उत्तरामागे वस्त्रोद्योगानेच उभारलेला 'हिग' निर्देशांक आहे. त्यात पॉलिस्टर कापसाहून सरस ठरत असे. 2022 मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने त्याच्या आधारे केलेली जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि ग्राहकांसाठीची लेबले थांबवावी लागली. आकडे खोटे होते असे नाही. हिशेबाची वही कुठे उघडायची आणि कुठे मिटायची, हे सोयीने ठरले होते. ती कापड तयार झाले की मिटते. प्रत्येक धुण्यात सुटणारे सूक्ष्म प्लास्टिक तंतू तिच्या बाहेर राहतात. बाटलीसाठी तर वही उशिरा उघडते: खनिज तेलाचा भार शीतपेयाच्या नावे पडतो आणि बाटली जणू सोवळी होऊन कारखान्यात शिरते. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचे कापड झाले की पुढचा मुक्काम बहुधा उकिरडाच.

कापसाची वही मात्र पेरणीपासून उघडी. किलोभर सुती कापडामागे दहा हजार लिटर पाणी, हा जगभर फिरणारा आकडा पावसाचे पाणीही धरतो. शहाद्याच्या तापीकाठी ठिबकावर वाढलेला कापूस आणि सातपुड्याच्या पायथ्याचा कोरडवाहू कापूस या सरासरीत एक होतात. जो पाऊस त्या रानात पडणारच होता, तोही शेतकऱ्याच्या खर्ची! शिवाय क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेल्या सरकीचे तेल होते, ढेप गुरांना जाते, पऱ्हाटी चुलीत जळते. किमतीच्या प्रमाणात भार वाटला की तो बहुतेक रुईवरच येतो.

म्हणून कापसाला निर्दोष ठरवणेही मला जमत नाही. 2002 मध्ये बीटी वाण आले, पुढे गुलाबी बोंडअळीने त्यालाही जुमानले नाही आणि फवारण्या वाढल्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे जीव गेले. नैसर्गिक हा तंतूचा गुण आहे, शेतीचा नव्हे, हे खादीप्रेमी मंडळी सहज विसरतात. त्याच न्यायाने पुनर्वापराचे श्रेयही नाकारू नये: नव्या पॉलिस्टरपेक्षा त्याला ऊर्जा बरीच कमी लागते. पण मग तुलना नव्या पॉलिस्टरशीच करावी. कापसाशी त्याची झुंज लावली की नवे पॉलिस्टर अलगद नजरेआड होते, आणि जगात सर्वाधिक तयार होणारा तंतू तर तोच आहे.

राहिला कपड्याच्या आयुष्याचा प्रश्न. खानदेशात जुने सुती लुगडे गोधडीत जाते. अनेक धुण्यांनी मऊ झालेले, घाम टिपणारे. आता घरात लुगडी उरली नाहीत, म्हणून सुरती साड्याही गोधडीला लागतात. त्यांचा रंग टिकतो, त्या विरत नाहीत. पण थर सरकतात आणि उन्हाळ्यात अंगाखाली घामच घाम. शिवणाऱ्या बायका त्यावर तोड काढतात: आत सापडेल तेवढे सुती, वरून रंगीत सिंथेटिक, आणि टाके नेहमीपेक्षा दाट.