वर्षभर वाचणारा माणूस

गार्डनर डोझ्वा यांच्या 'द इयर्स बेस्ट सायन्स फिक्शन'चा कुठलाही खंड हाती आला की मी कथांआधी त्याची प्रस्तावना वाचतो. कथांचं कौतुक त्या पानांत फारसं नसतंच. कुठल्या मासिकाचा खप किती घसरला, कोणतं नवं मासिक निघालं आणि कोणतं लगेच मिटलं, कोणत्या कादंबऱ्या आल्या, कोणते कथासंग्रह शोधून वाचावेत, चित्रपट कसे होते, आणि शेवटी त्या वर्षात कोण कोण गेलं. पहिला खंड १९८४ साली निघाला, आदल्या वर्षीच्या कथांचा. पस्तिसावा २०१८ साली. या प्रस्तावना ओळीने वाचल्या की इंग्रजी विज्ञानकथेचा साडेतीन दशकांचा इतिहास समोर येतो, आणि तो मागाहून आठवून लिहिलेला नाही, घडत असताना टिपलेला आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'ॲनालॉग'चा खप लाखाच्या घरात होता. तिथून तो कसा उतरत गेला, हे वर्षागणिक इथे नोंदलं गेलंय. विज्ञानकथा संपली अशी हाकाटी दरवर्षी कुणीतरी करायचं आणि डोझ्वा दरवर्षी हिशेब मांडून ती खोडून काढायचे.

वार्षिक निवडींची चर्चा बहुधा एकाच जागी अडते: अमकी कथा का घेतली, तमकी का सोडली. मला हा वाद दुय्यम वाटतो. एका माणसाने त्या वर्षी छापलेलं जवळजवळ सगळं वाचलं आणि आपल्या वाचनाचा जाब स्वतःच्या नावाने दिला, यात या ग्रंथांचं खरं मोल आहे. डोझ्वांच्या खंडाच्या शेवटी उल्लेखनीय कथांची एक लांबलचक यादी असे. निवड पटली नाही तर त्या यादीच्या आधाराने आपली वेगळी निवड करायला वाचक मोकळा होता.

ही परंपरा सुरू झाली १९४९ साली. एव्हरेट ब्लायलर आणि टी. ई. डिक्टी यांनी 'द बेस्ट सायन्स फिक्शन स्टोरीज' काढलं. रे ब्रॅडबरींची 'मार्स इज हेवन!' त्या पहिल्या पुस्तकात आहे. मासिकं स्वस्त कागदावर छापली जायची, महिन्याभराने रद्दीत जायची. त्यातली कथा पुठ्ठ्याच्या बांधणीत येणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. जतन करणं एवढंच त्या संपादकांचं मुख्य काम होतं आणि ते त्यांनी नीट केलं.

जूडिथ मेरिल यांनी मात्र या कामाला मत दिलं. १९५६ ते १९६८ या काळात त्यांचे बारा वार्षिक खंड आले, आणि ते क्रमाने वाचताना एका वाचकाची समज बदलत जाताना दिसते. सुरुवातीचे खंड विज्ञानकथेच्या मासिकांभोवती फिरतात. पुढे त्या 'प्लेबॉय'सारख्या बाहेरच्या नियतकालिकांत शिरतात, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर बोर्हेस आणि आल्फ्रेड जारी यांना रॉकेट-रोबोटवाल्यांच्या शेजारी बसवतात. पुष्कळ वाचक भडकले. ही विज्ञानकथाच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण मेरिल यांचा प्रश्न आजही ताजा आहे: कल्पनेच्या जोरावर वर्तमानाकडे परक्याच्या नजरेने पाहणारं लेखन जर वेगळ्या कपाटात ठेवलेलं असेल, तर कपाट बदलायचं की लेखन? कथांच्या मध्ये त्या ज्या टिपा लिहीत, त्या कधी कधी कथेहून सरस असत. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात त्यांनी अमेरिका सोडली, टोरांटोला स्थायिक झाल्या आणि १९७० साली आपला ग्रंथसंग्रह तिथल्या सार्वजनिक वाचनालयाला दिला. तो संग्रह आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. वर्षभर वाचणारी बाई शेवटी वाचनालयच मागे ठेवून गेली, हे मला फार योग्य वाटतं.

डोनाल्ड वोलहाइम आणि टेरी कार यांनी १९६५पासून मिळून एक मालिका चालवली. ते वेगळे झाले आणि १९७२पासून दोघांची दोन स्वतंत्र वार्षिकं सुरू झाली. वोलहाइम यांचा कल जुन्या वळणाच्या, भक्कम कथानकाच्या गोष्टींकडे, तर कार यांचा कान भाषेकडे. एकाच वर्षाचे दोघांचे खंड शेजारी ठेवले तर दोन निराळी वर्षं वाचतोय असं वाटतं. हॅरी हॅरिसन आणि ब्रायन ऑल्डिस यांचं वार्षिक तेव्हा चालू होतंच. त्यांतला कोण बरोबर होता, याचं उत्तर शोधायची गरज नाही. इतके जण तेच वर्ष स्वतंत्रपणे वाचत होते, ही त्या काळाची श्रीमंती होती.

मागे वळून अशी निवड करता येते, हेही एका मालिकेने सिद्ध केलंय. आयझॅक असिमोव्ह आणि मार्टिन ग्रीनबर्ग यांनी १९७९पासून १९३९ ते १९६३ या प्रत्येक वर्षासाठी एक असे पंचवीस खंड काढले. मला ही मालिका आपल्यासाठी फार महत्त्वाची वाटते. मराठीत विज्ञानकथेचं पीक येतं ते मुख्यतः दिवाळी अंकांत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. नारायण विनायक जगताप या नावाने ती पाठवणारे लेखक म्हणजे जयंत नारळीकर. त्यानंतर लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके यांनी किती लिहिलं! १९९३ साली फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'इट हॅपन्ड टुमॉरो' संपादित केलं, त्यात मराठी कथा इंग्रजीतून देशभर गेल्या. पण दरसालच्या दिवाळी अंकांतून एकाच संपादकाने निवड करायची, मागे वर्षाचा आढावा जोडायचा, अशी अखंड परंपरा आपल्याकडे रुजली नाही. लेखकाचा स्वतःचा संग्रह निघाला तर कथा वाचते, नाहीतर त्या दिवाळीबरोबर जाते. असिमोव्ह-ग्रीनबर्ग यांच्यासारखं काम १९७४पासून पुढे आजही करता येईल. जुने अंक ग्रंथालयांतून आहेत तोवरच ते शक्य आहे.

डोझ्वांकडे परत येतो, कारण त्यांच्या खंडांत भारतीय वाचकाला एक वेगळाच धागा सापडतो. इयन मॅकडोनल्ड हे बेलफास्टमध्ये राहणारे लेखक. त्यांच्या 'द लिट्ल गॉडेस'मध्ये नेपाळची कुमारी देवीपद सुटल्यावर डोक्यात कृत्रिम बुद्धिमत्ता वाहून नेणारी हस्तक होते. 'द जिन्स वाइफ'मध्ये दिल्लीची एक नर्तकी अशाच एका बुद्धिमत्तेशी लग्न करते. दोन्ही कथा डोझ्वांनी घेतल्या, आणि दोन्ही थोर आहेत: गर्दी, पाण्यावरून पेटलेलं राजकारण, लग्नाचा बाजार हे सगळं मॅकडोनल्ड भविष्यात बेमालूम पेरतात. तरीही तो भारत बाहेरून निरखलेला आहे, आणि प्रत्येक वाक्यात थोडं जास्त रंगवलेलं काहीतरी खटकतं. मग पस्तिसाव्या खंडात इंद्रप्रमित दास यांची 'द मून इज नॉट अ बॅटलफील्ड' येते. चंद्रावर लढण्यासाठी वाढवलेली एक भारतीय सैनिक स्त्री पृथ्वीवर परतल्यावर आपली हकिकत सांगते. इथे सजावट नाही. राष्ट्राने वापरून टाकून दिलेल्या माणसाचा आवाज आहे, आणि तो आवाज आपल्या ओळखीचा आहे. सुटी वाचली असती तर ती कथा मला नुसती आवडली असती. मॅकडोनल्डनंतर त्याच संपादकाच्या हातून वाचल्यामुळे दशकभरात या कथाप्रकारात बोलणारं तोंड कसं बदललं ते कळलं.

डोझ्वांच्या मर्यादाही ठसठशीत होत्या. दीर्घकथेवर त्यांचा जीव. अंतराळ, दूरची ग्रहमालिका, मोठा पट असला की ते विरघळत. तीच ती आवडती नावं वर्षानुवर्षं येत, विनोदी कथेला जागा मोजकी, इंग्रजीबाहेरून आलेलं त्याहून मोजकं. सहाशे-सातशे पानांच्या खंडात दोन-तीन कथा अशा निघत की त्या का आहेत ते कळू नये. पण त्याच माणसाने सोळाव्या खंडात टेड चियांग यांची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' घेतली. तिच्यावरून 'अरायव्हल' हा चित्रपट निघायला अजून सतरा वर्षं अवकाश होता.

२७ मे २०१८ रोजी डोझ्वा गेले आणि ती मालिका तिथेच थांबली. जोनाथन स्ट्रॅहन यांची विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांची जुनी वार्षिक मालिका २०१९मध्ये संपली. त्यांनी निव्वळ विज्ञानकथेची नवी मालिका काढली, तिचे दोनच खंड निघाले. 'द बेस्ट अमेरिकन सायन्स फिक्शन अँड फँटसी' २०१५पासून चालू आहे, पण तिची रीत वेगळी. जॉन जोसेफ ॲडम्स ऐंशी कथा निवडतात, लेखकांची नावं काढून त्या पाहुण्या संपादकाला देतात, आणि तो त्यातल्या वीस घेतो. पाहुणा दरवर्षी नवा. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष असेल, पण वाचक म्हणून ती मला उणी वाटते. नाव झाकलं की लेखकाची वाढ दिसत नाही, आणि दरवर्षी रुची बदलली की एक खंड दुसऱ्याशी बोलत नाही. एन. के. जेमिसिन यांचा २०१८चा खंड उत्तम आहे, पण आदल्या वर्षीच्या चार्ल्स यू यांच्या खंडाशी त्याचं काही नातं नाही.

डोझ्वांची वाट खऱ्या अर्थाने चालू ठेवली ती नील क्लार्क यांनी. २०१६पासून ते 'द बेस्ट सायन्स फिक्शन ऑफ द इयर' काढत आले आहेत, त्यात कथाक्षेत्राच्या स्थितीवर आढावा लिहितात आणि मागे शिफारशींची यादीही देतात. चिनी विज्ञानकथा इंग्रजीत आणण्यात त्यांच्या 'क्लार्कसवर्ल्ड' मासिकाचा वाटा मोठा आहे. त्याच मासिकाने फेब्रुवारी २०२३मध्ये कथा स्वीकारणं काही काळ बंद केलं, कारण त्या महिन्यात यंत्राकडून लिहून घेतलेल्या पाचशेच्या वर कथा येऊन पडल्या होत्या. संपादकाच्या वाचनाचे तास मोजकेच असतात. जे तास एखाद्या नव्या लेखकाची पहिली कथा ओळखण्यात जायचे, ते कचरा उपसण्यात जाऊ लागले.

आज इंग्रजीत लघु विज्ञानकथा पूर्वीपेक्षा कमी नाही, उलट अधिक आहे, आणि बरीचशी इंटरनेटवर फुकट वाचता येते. पण दोन वाचक भेटले तर दोघांनी मिळून वाचलेली कथा सापडणं अवघड झालंय. लावी टिडार यांच्या 'द बेस्ट ऑफ वर्ल्ड एसएफ'च्या तीन खंडांनी भाषांचं कुंपण ओलांडायचा मनापासून प्रयत्न केला, पण त्यात एका वर्षाचा हिशेब नाही आणि त्याचा तो हेतूही नाही. जगभराच्या भाषांतलं एक वर्ष एकट्याने वाचणं कुणालाच जमणार नाही. ते जमायचं तर आधी प्रत्येक भाषेत कुणीतरी आपल्या भाषेचं वर्ष वाचून ठेवायला हवं, म्हणजे क्लार्कसारख्या संपादकाला मागायला जागा असेल.