झरणीचे ऑडिट

माणसाला एखादा छंद असावा, असं शाळेच्या निबंधात लिहिलं की मार्क मिळतात. संसारात तोच छंद पाळायला गेलं की मार्क कापले जातात. मला छंद आहे शाईच्या पेनांचा. माझ्याकडे एकोणीस पेनं आहेत आणि आमची सौ. त्यांना सवती म्हणते.

"एकोणीस पेनांनी तुम्ही लिहिता तरी काय?" हा तिचा कायमचा प्रश्न. याचं खरं उत्तर "पेन नीट चालतंय की नाही ते" असं आहे. पण खरं उत्तर बायकोला देऊ नये, एवढं व्यवहारज्ञान बी.कॉम. नसलेल्यालाही असतं.

हा रोग जुना आहे. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत शाईचं पेन. मुंज आठव्या वर्षी झाली तरी माणसात आलो ते दहाव्या वर्षी, खिशाला पहिला निळा डाग पडला तेव्हा. ऐन परीक्षेत शेजाऱ्याची शाई संपायची आणि तो कुजबुजायचा, "चार थेंब दे रे." मी माझं पेन त्याच्या पेनावर धरून थेंब मोजून सोडायचो आणि वहीच्या शेवटच्या पानावर नोंद करायचो. जमा-नावे मी कॉलेजात शिकलो असा विद्यापीठाचा समज आहे. एक मित्र वडिलांची बदली झाली म्हणून अकरा थेंब उधार ठेवून गाव सोडून गेला. ते अकरा थेंब माझ्या बुडीत खात्यात आजही उभे आहेत.

तर अशा माणसाला मुंबईत पेनांचं प्रदर्शन भरलंय असं कळल्यावर त्याने काय करावं? नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार हल्ली 'फाउंटन पेन दिन' म्हणून पाळतात. त्याच्या पुढेमागे, दुसऱ्या शनिवारी, म्हणजे नेमकी बँकेला सुट्टी असताना हे प्रदर्शन होतं. नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, हल्ली मिसळीचंही येतं. पण लिहिण्याच्या वस्तूंबद्दल कोणी लिहीत नाही. ती उणीव मी भरून काढतो. मात्र आधीच सांगतो, मी नुसता हौशी म्हणून गेलो नव्हतो. एक कामगिरी होती.

त्याचं असं झालं. नोव्हेंबर हा आम्हा बँकवाल्यांचा पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायला सगळे येतात. जिवंत माणसाने समोर उभं राहून 'मी जिवंत आहे' हे लिहून द्यायचं आणि आम्ही ते तपासून घ्यायचं. त्यात आमचे गुरुजी आले. वय चौऱ्याऐंशी. खातं १९७९ सालचं, म्हणजे मी आणि ते खातं जवळपास एकाच वयाचे. दाखला झाला, पण पैसे काढायच्या चेकवरची सही काही केल्या जुळेना. पडद्यावर १९७९ची नमुना सही : जाड-बारीक, डौलदार, शेवटच्या अक्षराखालून मागे वळत जाणारी लांब रेघ. चेकवर मात्र भूकंपमापकाचा कागद. हात कापत होता आणि काउंटरवरच्या दोरी बांधलेल्या बॉलपेनने तो आणखीच कापत होता.

मॅनेजर साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, नवी नमुना सही द्या."

"नवी दिली तरी पुढच्या महिन्यात ती तरी जुळेल का?"

तेही खरंच होतं. साहेब जरा अडखळत म्हणाले, "मग... अंगठा घेऊ. दोन साक्षीदार मी देतो."

गुरुजी काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पस्तीस वर्षं मी खेड्यातल्या लोकांना अंगठ्यावरून सहीवर आणलं. आता तुम्ही मला सहीवरून अंगठ्यावर नेता?"

शाखेतला पंखासुद्धा जरा हळू फिरल्यासारखा वाटला. मी काही न सुचून खिशातलं माझं पितळी पेन त्यांच्या हातात दिलं. कोऱ्या स्लिपवर त्यांनी सही केली. आणि काय सांगू, पहिली तीन अक्षरं तंतोतंत १९७९ची! शेवटच्या रेघेला मात्र हात गळाला. "जड आहे हो तुमचं पेन," गुरुजी म्हणाले. साहेबांनी त्या दिवसाचा चेक समक्ष ओळख पटवून पास केला आणि बजावलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर अंगठा."

यात चमत्कार काही नाही. १९३८ साली लास्लो बिरोने बॉलपेनाचं पेटंट घेतलं, त्यात शाई घट्ट आणि टोकाला गोळी. गोळी फिरायची तर पेन दाबावं लागतं. दाबायचं म्हणजे बोटं आवळायची, आणि गुरुजींची बोटं आवळली की कापरं वाढत होतं. शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निबेला मधोमध बारीक चीर असते, खाली जीभ असते, जिभेत केसासारखी खाच. शाई त्या चिरेतून आपसूक टोकाशी येते. कागदाला टेकलं की उतरते. जिभेवरच्या खाचा जास्तीची शाई धरून ठेवतात. माणसाच्या जिभेला अशा खाचा असत्या तर निम्मे संसार सुखाचे झाले असते. जुन्या भाषाशुद्धीवाल्यांनी या पेनाला 'झरणी' म्हटलं ते उगीच नाही. झरा कोणी दाबून वाहवत नाही.

तेव्हा मला हवं होतं एक हलकं पेन. एवढीच मागणी घेऊन मी त्या सभागृहात शिरलो.

प्रथमदर्शनी सांगतो, डोळे दिपले. काचेच्या कपाटात पेनं अशी निजवलेली की लग्नातल्या रुखवताने लाजावं. पहिल्या टेबलावर हातमोजे घातलेला तरुण. मी विचारलं, "हलक्यात काही आहे का?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी फाटक्या नोटेकडे पाहतो. म्हणाला, "सर, वजन हीच तर लक्झरी आहे." दुसऱ्या टेबलावरचा म्हणाला, "हे गुंतवणूक म्हणून घ्या. लिहू नका, लिहिलं की किंमत उतरते." चोवीस वर्षं मुदत ठेवींच्या पावत्या फाडल्यावर गुंतवणुकीची व्याख्या एका पेनवाल्याकडून ऐकायची वेळ आली. न लिहिण्यासाठी पेन घ्यायचं तर मग न बसण्यासाठी खुर्ची घ्यावी आणि न खाण्यासाठी श्रीखंड.

प्रदर्शनाविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हाच आहे. इथे पेन होतं, हात नव्हता. कोणीही विचारलं नाही की लिहिणार कोण, लिहिणार काय, धरतो कसं. विचारलं ते बजेट.

याचा कळस २००९ साली झाला होता, त्याची आठवण झाली. मोंब्लां कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याची निब असलेलं खास पेन काढलं होतं. दांडीयात्रेच्या मैलांइतकी, म्हणजे मोजून २४१ पेनं, आणि एकाची किंमत अकरा लाखांच्या वर! मूठभर मिठावरच्या करासाठी पायी चालत गेलेल्या माणसाच्या नावाने. पुढे प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये विक्री थांबली. याच गांधीजींनी १९३५ साली राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांना पत्र लिहून त्यांचं स्वदेशी पेन विलायती पेनांना चांगला पर्याय असल्याची पावती दिली होती. ते पेन त्यांनी वापरून पाहिलं होतं, हे विशेष. दोन पेनांतला फरक तेवढाच : एकाने गांधीजींनी लिहिलं, दुसऱ्यावर गांधीजी लिहिले.

शाईच्या टेबलावर मात्र मी अर्धा तास रमलो, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या लहानपणी शाईचे रंग दोन, निळा आणि निळा-काळा. लाल तपासनिसांचा, हिरवा साहेबांचा. रंगावरून माणसाची पायरी कळायची. इथे शेवाळी, जांभूळ, विटकरी, पावसाळी ढगाचा, असे शेकडो रंग. काहींत सोनेरी चमक सुद्धा. एका मुलीने गुलाबी-सोनेरी शाई दाखवून विचारलं, "काका, कशी आहे?" मी म्हटलं, "सुंदर आहे. चेकवर वापरू नकोस." आता चेकची प्रतिमा काढून ती पुढे जाते, शाई गडद नसेल तर पैसे मागणाऱ्याच्या पदरात कोरा कागद. मुलगी हसली. आपण बोललो ते बँकवाल्यासारखं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

पेन चालवून बघायला कागद ठेवले होते. लोक काय लिहितात ते मी चोरून पाहिलं. निम्म्यांनी आडवे आठ काढले होते. उरलेल्यांनी चपळ कोल्ह्याला आळशी कुत्र्यावरून उड्या मारायला लावणारं ते इंग्रजी वाक्य. काहींनी स्वतःचं नाव. एवढी पेनं, एवढी शाई, आणि कोणापाशी लिहायला काही नाही! मनात फार वरचढ वाटलं. मग माझ्या हातात एक पेन आलं आणि मी झोकात लिहिलं, 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त'.

परत निघालो तेव्हा अगदी कोपऱ्यात, चहाच्या टेबलाला लागून, आंध्रातले एक वयस्क कारागीर दिसले. काच नाही, मखमल नाही. समोर एबोनाइटची काळी-तपकिरी पेनं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. नाकाशी धरलं की वास येतो. हा वास ज्याने लहानपणी घेतला त्याला अत्तर नको. मी सवयीने म्हटलं, "हलकं पेन हवंय." त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "कोणाला?"

दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

मी गुरुजींची हकिगत सांगितली. "धरतात कसं? वरती की निबेजवळ? लिहितात काय?" मी म्हटलं, "फक्त सही." त्यांनी मला गुरुजींसारखं पेन धरून दाखवायला लावलं. मी हात कापवून दाखवला; शेजारच्या चहावाल्याला वाटलं मला चक्कर येते आहे, त्याने पाणी आणून दिलं. मग त्यांनी एक बिनक्लिपचं जाडसर पेन निवडलं. जाड अशासाठी की बोटं आवळावी लागू नयेत. निबेची दोन पाती नखाने जराशी सैल केली, म्हणजे शाई मोकळी उतरेल. बारीक कागदावर टोक आठ-दहा वेळा फिरवलं, डोळ्याला भिंग लावून पाहिलं, पुन्हा फिरवलं. म्हणाले, "टोपण मागे लावू देऊ नका, वजन वाढतं. आणि ड्रॉपरचं पेन आहे, अर्धं रिकामं झालं की भरा. नाहीतर आतली हवा हाताने तापते आणि शाई बाहेर ढकलते." किंमत नऊशे रुपये. मी घासाघीस केली नाही. हे मी सौ.ला सांगितलेलं नाही.

पेन अर्धंच भरून खिशात ठेवलं आणि लोकलने निघालो. शनिवारची संध्याकाळ, गर्दी, उकाडा, माझी छाती आणि शेजारच्याची पाठ. हवा तापते म्हणजे काय याचं प्रात्यक्षिक दादरच्या आत झालं. घरात शिरताच सौ.ने विचारलं, "काय आणलंत?" मी म्हटलं, "काही नाही." तिने नुसतं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. तिथे वाटीएवढा निळा डाग पसरला होता. "विसावी का?" ती म्हणाली. मग मी गुरुजींचं सांगितलं. ती काही बोलली नाही. शर्ट मात्र तिने लगेच भिजत घातला.

सोमवारी गुरुजींना बोलावलं. पेन हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला. मग स्लिपवर सही केली. तीन अक्षरं आली, चौथं आलं, आणि शेवटची रेघ निघाली. मध्ये एकदा किंचित डळमळली, सावरली आणि पार मागे जाऊन थांबली. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, स्लिपकडे पाहिलं. सही थोडी थकलेली होती, पण तीच होती. "चालेल," साहेब म्हणाले आणि उगीचच फाइल शोधायला केबिनमध्ये गेले.

तेव्हा या प्रदर्शनाबद्दल माझा अभिप्राय असा : मांडणीला पैकीच्या पैकी, शाईला त्याहून दोन जास्त, चहा बरा, विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाच्या खिशाऐवजी बोटांकडे पाहायला शिकावं. आणि पुढच्या वर्षी कोपऱ्यातलं ते टेबल दारात मांडावं.

गुरुजींनी किंमत विचारली. मी "राहू द्या हो" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. तिथेच नव्या पेनाने माझ्या नावे नऊशेचा चेक लिहिला. सही पहिल्या झटक्यात जुळणारी. तो मी भरलाच नाही. पुढे पासबुकात खर्च पडलेला दिसेना तेव्हा गुरुजी काउंटरवर येऊन, गृहपाठ न करणाऱ्याला बोलावं तसं बोलून गेले. चेक तीन महिन्यांत शिळा होतो, हे मला ठाऊक होतं, तो झालाही. आता तो माझ्या पेनांच्या खणात आहे. अकरा थेंब आणि नऊशे रुपये, एवढंच माझं बुडीत कर्ज. ऑडिटर काय म्हणायचं ते म्हणोत.