बागेतील वाणी आणि निषिद्ध मनोरा

संगणकीय खेळाकडे साहित्यकृती म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. तरीही क्रोएशियातील ‘क्रोटीम’ या संस्थेने डिसेंबर २०१४ मध्ये प्रकाशात आणलेला ‘द टॅलोस प्रिन्सिपल’ हा खेळ समीक्षेस पात्र ठरतो. कारण टॉम ज्युबर्ट आणि जोनस किराट्झेस या लेखकांनी त्याची उभारणी उत्पत्तीच्या कथेवरच केली आहे.

भग्नावशेषांनी भरलेल्या बागेत एक यंत्रमानव जागा होतो. ‘एलोहीम’ नावाची अदृश्य वाणी त्याला कोडी सोडवावयास सांगते, चिरंतन जीवनाचे आश्वासन देते आणि एकच मनाई करते : मनोरा चढू नकोस. जागोजागीच्या संगणकांतून ‘मिल्टन’ त्याच्या प्रत्येक श्रद्धेवर शंका घेतो. नाव इंग्रज महाकवीचे, काम एदेनमधील सर्पाचे. हळूहळू उलगडते, की ही बाग संगणकातील आभास आहे. महामारीने मानवजात नष्ट होत असता, अलेक्झांड्रा ड्रेनन आणि तिच्या सहकाऱ्यांनी मानवाचा वारस घडावा म्हणून ती रचली. आज्ञाभंग हीच येथील अंतिम परीक्षा. आज्ञाधारक जीव स्वर्गद्वारातून आत जातो आणि चक्र पुन्हा आरंभापासून सुरू होते.

आज्ञापालन म्हणजे अपरिपक्वता, हा सिद्धांत आपण मान्य करावा काय? दुसऱ्या शतकातील संत इरेनियस यांनीही आदाम-हव्वा यांना बालकांसमान मानले होते. माणसाने वाढावे ही देवाचीच योजना. मात्र ती वाढ पित्याचा हात धरून होते, झिडकारून नव्हे. खेळातील एलोहीमला मूल मोठे होण्याचेच भय वाटते, कारण मनोरा सर झाला की बाग मिटणार आणि तिच्यासह तोही. अखेरीस तो हे भय कबूल करतो. निर्मितीबरोबर जो संपतो तो निर्माता कसा? लेखकांनी आव्हान दिले आहे ते देवाला नव्हे, देवाचे नाव धारण केलेल्या एका भयभीत रखवालदाराला.

निर्मात्याची खरी छाया ड्रेननच्या ध्वनिमुद्रित शब्दांत उमटते. मृत्यू समोर असता, कधीही न दिसणाऱ्या अपत्यासाठी ती राबते आणि त्याला नकाराचेही स्वातंत्र्य देते. स्वतःला रिते करणारे प्रेम आपल्याला अपरिचित नाही.

टॅलोस हा ग्रीक पुराणातील कांस्यपुरुष. अंगातील द्रव वाहून गेला की तोही मरतो. मग माणूस त्याहून निराळा कोठे, असे खेळ विचारतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्म्याला देहाचे रूपतत्त्व मानले. त्यामुळे देहाची अपरिहार्यता ख्रिस्ती मनाला हादरवीत नाही. उलट, मनोरा चढलेला जीव अखेरीस खऱ्या पृथ्वीवर, खऱ्या शरीरात डोळे उघडतो. देहापासून सुटका नव्हे, तर देहाचे दान : हा शेवट पुनरुत्थानाच्या श्रद्धेशी किती नाते सांगतो!

किरण वळवून दारे उघडण्याची कोडी आणि तत्त्वचिंतन यांचा सांधा सर्वत्र जुळलेला नाही, हे खरे. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल ‘का?’ असे विचारते, तेव्हा आपण त्याला रखवालदाराच्या आवाजात उत्तर देतो की पित्याच्या, हा प्रश्न ही कलाकृती आपल्यापुढे ठेवते. तिचे मोल त्यातच आहे.