स्वतंत्र गाणें आणि त्याचें गांव

हल्लींच्या तरुण पिढीला प्रिय असलेल्या संगीताविषयीं आमच्याकडे नेहमीं दोन प्रश्न येतात. वडील मंडळी विचारतात, ‘आमचीं मुलें कानांत बोंडें घालून दिवसभर जें ऐकत असतात, त्यांत कांहीं तथ्य आहे काय?’ मुलें विचारतात, ‘सर, यांतलें खरोखर ऐकण्याजोगें कोणतें?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तरांतच दडलेलें आहे. म्हणून भोर-वेल्ह्याकडील सुशिक्षित कुटुंबांनीं एकत्र बसून ऐकाव्या अशा चार ध्वनिमुद्रिकांची शिफारस येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. नुसती यादी कोणीही देईल. कोणत्या कसोटीवर ही निवड केली, आणि त्या कसोटीला प्रत्येक कृति कितपत उतरते, हें सांगणें हेंच टीकाकाराचें काम होय.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. ज्याला ‘इंडी’ म्हणतात तें म्हणजे स्वतंत्र संगीत. रॉक आणि पॉप हे त्याचे बाह्य वेष होत. त्याचें मर्म हें कीं, तें चित्रपटांतील प्रसंगासाठीं रचलेलें नसतें, आणि बड्या कंपनीच्या मागणीवरूनही बेतलेलें नसतें. गाणाऱ्यानें तें स्वतःच्या मनानें, आणि बहुधा पदरच्या पैशानें, केलेलें असतें. हा प्रकार महाराष्ट्राला अगदींच परका आहे असें मानण्याचें कारण नाहीं. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनीं तबकडीवर गाइली, तेव्हांपासून आपलें भावगीत वाढीस लागलें. तें कंपनीनेंच बाजारांत आणलें हें खरें. तथापि तें कोणत्याही नाटकाच्या कथानकाचें ताबेदार नव्हतें. कवीचे शब्द आणि गायकाचा गळा एवढ्याच भांडवलावर तें उभें राहिलें. आजचें स्वतंत्र गाणें हें त्याचेंच दूरचें भावंड आहे.

दुसरा शब्द ‘आल्बम’. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. दीर्घ कृतीला अनेक तबकड्या लागत, आणि त्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पुठ्ठ्यांच्या खिशांत ठेवीत. त्या पुस्तकावरून हें नांव रूढ झालें. पुढें 1948 सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें दीर्घवादनाची तबकडी काढली, आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें मावूं लागलीं. तेव्हांपासून कांहीं गाणीं एका सूत्रांत, विशिष्ट क्रमानें गुंफण्याची कला वाढली. सुट्या गाण्याला सुभाषित म्हटलें तर ध्वनिमुद्रिकेला खंडकाव्य म्हणतां येईल. खंडकाव्याचे श्लोक उलटसुलट वाचून रस मिळत नाहीं, हें आपण जाणतों. पण मोबाईलवर गाणीं हवीं तशीं फिरवून ऐकणाऱ्या मुलांना तें कोणीं सांगितलेलें नसतें.

आतां आमची कसोटी. ती एकच आहे: या गाण्याला गांव आहे काय? गांव म्हणजे गाण्यांत आलेलें गांवाचें नांव नव्हे. एखादें गाणें ऐकतांना हें दुसऱ्या कोठें जन्मलेंच नसतें असें ज्यायोगें वाटतें, ती गोष्ट आम्हांस अभिप्रेत आहे. ती बोलींत असेल, वाद्यांत असेल, विनोदांत असेल किंवा गाऱ्हाण्यांतही असेल. भोरकरांना हा मुद्दा फोड करून सांगण्याची गरज नाहीं. पंतसचिवांच्या राजवाड्यांत अनेक चित्रपटांचें चित्रीकरण झालें आहे. चित्रपट येतो, वाड्याचा चौक, त्याचे खांब आणि कमानी घेतो, त्यांना कोठला तरी दुसराच वाडा म्हणून दाखवितो, आणि निघून जातो. त्यानें भोरचा चेहरा घेतला, आवाज मात्र घेतला नाहीं. स्वतंत्र गाण्यानें याच्या उलट केलें पाहिजे. चेहरा न दिसतांही त्यानें आवाज ऐकविला पाहिजे.

या कसोटीला पूर्णपणें उतरणारी पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांची 1984 सालची ‘गोअन क्रेझी’. हे गृहस्थ मुंबईंत वास्तुशास्त्र शिकलेले. शिवोलीच्या आपल्या घरांत, चारच पट्टे असलेल्या लहानशा कॅसेट-यंत्रावर त्यांनीं एकट्यानें हें काम केलें. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्यें वाजविणारे तेच. कॅसेटी तयार झाल्यावर त्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानीं पोंचविणारेही तेच! या संगीताला ‘स्वतंत्र’ हें विशेषण कां द्यावें याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. गाण्यांची भाषा इंग्रजी आहे. पण ती गोव्याच्या अंगणांत वाढलेली इंग्रजी आहे, आणि तिच्यांत त्या भूमीची थट्टा व तिचा लळा हीं दोन्हीं एकत्र नांदतात. म्हणजे परकी भाषा वापरल्यानें गांव हरवतेंच असें नाहीं. चार पट्ट्यांच्या यंत्राची मर्यादा जाणवते, आवाज कोठें कोठें पातळ वाटतो. पण पदार्थ घरचा आहे हें पहिल्या घासालाच कळतें. हिच्या जोडीला पुढच्याच वर्षीं निघालेली, गोव्याचीं जुनीं गाणीं नव्या साजांत मांडणारी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ऐकावी. स्वतःचें सांगून झाल्यावर हा गायक वाडवडिलांकडे वळला, हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे.

दुसरी शिफारस दिल्लीच्या इंडियन ओशन या मंडळींच्या ‘कंदीसा’ची. ती 2000 सालीं निघाली. इनमीन सात गाणीं, पण प्रत्येक ऐसपैस. सुस्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा, राहुल राम यांची बास गिटार व गळा, आणि अमित किलम यांचे ड्रम, असा त्या वेळचा मेळ होता. तबला आणि विलायती ड्रम शेजारीं बसले कीं बहुधा एक दुसऱ्याला गिळतो. येथें ते एकमेकांना वाट देतात. ज्या गाण्यावरून संग्रहाला नांव मिळालें तें केरळांतील सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन प्रार्थनेवर आधारलेलें आहे. त्याचा एक शब्दही कळत नसतां ऐकणारा शांत होतो. परंतु आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें असें गाणें ‘मा रेवा’. तें नर्मदेचें लोकगीत आहे. राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनांत काम केलेले गृहस्थ. नदीकांठीं राहून आलेल्या माणसानें तिचें गाणें आणलें, पर्यटकानें नव्हे, हा फरक स्वरांत ऐकूं येतो. भाटघर आणि पानशेत यांच्या पाण्याखालीं ज्यांच्या वाडवडिलांचीं शिवारें गेलीं, त्यांना नदीविषयींची भक्ति आणि धरणाविषयींची खंत एकाच घरांत कशी नांदते हें कोणी समजावून द्यावयास नको. या ध्वनिमुद्रिकेचा दोष एवढाच कीं, वादनाचा विस्तार क्वचित् आवश्यकतेहून लांबतो, आणि ऐकणाऱ्यापेक्षां वाजविणाऱ्यालाच अधिक सुख होतें कीं काय, असें वाटूं लागतें.

येथें एका उलट उदाहरणाचा विचार केला पाहिजे. मुंबईंत 1984 सालीं निघालेल्या रॉक मशीन या मंडळींनीं 1988 मध्यें ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही ध्वनिमुद्रिका काढली. हात तयार, तालीम कडक, उमेद दांडगी. इंग्रजी रॉक आपल्याकडेही सफाईनें वाजवितां येतो हें त्यांनीं सिद्ध केलें, आणि त्यांचा हा मान कोणी हिरावून घेऊं नये. परंतु हें गाणें मुंबईचें कीं आणखी कोठल्या शहराचें, हें ऐकून सांगतां येत नाहीं. ही उणीव त्यांनाही जाणवली असावी. 1993 मध्यें त्यांनीं ‘इंडस क्रीड’ हें नवें नांव घेतलें, आणि 1995 च्या त्याच नांवाच्या संग्रहांत आपल्याकडील सुरांना जवळ केलें. प्रयत्न प्रामाणिक होता. पण नांव बदलल्यानें गांव मिळत नाहीं. म्हणून इतिहास जाणूं इच्छिणारांनीं तीं गाणीं अवश्य ऐकावींत. आमच्या चौघींत मात्र त्यांना जागा नाहीं.

तिसरी ध्वनिमुद्रिका आपल्याच जिल्ह्यांतली आहे. पुण्यांत 2010 सालीं ‘एनएच 7 वीकेंडर’ हा संगीताचा मेळा प्रथम भरला, आणि त्यानंतर स्वतंत्र गाणाऱ्यांचें एक मोठें केंद्र म्हणून पुण्याची ख्याति झाली. तेथील ईझी वाँडरलिंग्स या समूहाची 2017 सालची ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ ही कृति आम्ही सुचवितों. सान्यंथ नारोथ यांनीं बांधलेलीं हीं इंग्रजी गाणीं मृदु आहेत. स्त्री व पुरुष कंठ एकमेकांवर कुरघोडी करीत नाहींत. चाली सोप्या असूनही उथळ नाहींत. गलबल्याच्या भीतीनें जे वडील या संगीताच्या वाटेस जात नाहींत, त्यांनीं आरंभ येथून करावा. मात्र आमची कसोटी येथें अवघडते हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. या गाण्यांत पुणें शोधूं नये, सांपडणार नाहीं. मग हिची शिफारस कां? कारण आपल्या शेजारच्या शहरांतील सुशिक्षित तरुणाच्या मनाचें हें खरें चित्र आहे. तो हळवा आहे, सुसंस्कृत आहे, आणि स्वतःच्या गांवाबद्दल त्याला बोलतां येत नाहीं. हा दोष एकट्या गाण्याचा नव्हे. ज्या शिक्षणानें आम्हीं त्याला घडविलें त्याचाही आहे.

चौथी ध्वनिमुद्रिका मराठी आहे. कवि संदीप खरे आणि संगीतकार सलील कुलकर्णी यांनीं 2003 सालीं आरंभिलेला ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम पुष्कळांनीं ऐकला असेल. त्याच नांवाची ध्वनिमुद्रिका घरीं बसून, क्रमानें ऐकावी. कवीनें स्वतः गावें ही गोष्ट आपल्याकडे शाहिरांनंतर विरळ झाली होती. ती येथें पुन्हा मान्य झाली. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ हें याच जोडीचें गाणें किती घरांत डोळे पुसून ऐकलें गेलें तें सांगावयास नकोच. परंतु प्रेमामुळें टीका बोथट होऊं नये. या गाण्यांत शब्द धनी आणि स्वर चाकर असें नातें आहे. शब्द बाजूस काढले तर चाल फार वेळ एकटी उभी राहत नाहीं. शिवाय हें गांव शहरांतल्या नोकरदाराचें आहे. त्यांत कचेरी आहे, पाऊस आहे, आठवण आहे. पण राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा भातखाचरांतला माणूस त्यांत नाहीं. म्हणजे पुण्याच्या इंग्रजी गाण्याला भाषा परकी, आणि मराठी गाण्याला अर्धाच महाराष्ट्र ठाऊक.

तो उरलेला अर्धा कोठें आहे? त्याचाही आवाज टिपून ठेवलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनीं पुण्याच्या समाजविज्ञान केंद्रांतून, 1980 नंतरच्या काळांत, मुळशी-मावळासारख्या आमच्याच सह्याद्रीच्या रांगेंतील खेड्यांपासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह हजाराहून अधिक गांवांचा आणि लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. कित्येक ओव्या प्रत्यक्ष बायांच्या आवाजांत मुद्रित आहेत, आणि 2017 पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्या क्रमशः प्रसिद्ध होत आल्या आहेत. दळणाची गिरणी आली आणि जातें थांबलें. बाई स्वतःच्या मनानें, कोणाच्याही मागणीवांचून, पहाटेच्या अंधारांत जें गात होती तें थांबलें. स्वतंत्र गाण्याची याहून शुद्ध व्याख्या कोणती? आणि त्याला गांव होतें कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

शिवोलीच्या गायकानें आपल्या वाडवडिलांचीं गाणीं उचललीं, दिल्लीकरांनीं नर्मदेचें उचललें. नीरा-वेळवंडीकांठच्या एखाद्या मुलानें किंवा मुलीनें आजीची ओवी गिटारीवर घेऊन सबंध ध्वनिमुद्रिका केल्याचें अद्याप आमच्या कानीं आलेलें नाहीं. तीस मोठी कंपनी नको, राजवाडा नको. आजचा मोबाईलसुद्धां 1984 च्या त्या चार पट्ट्यांच्या यंत्राहून समर्थ आहे. उणीव आहे ती आपल्या घरचा आवाज गाण्याजोगा आहे या विश्वासाची, आणि तो विश्वास देणें हें वडील मंडळींचें कर्तव्य आहे.

शेवटीं ऐकण्याविषयीं दोन शब्द. रविवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर, कानांतलीं बोंडें काढून, घरांतल्या सर्वांनीं एकच ध्वनिमुद्रिका पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकावी. मध्यें बोलूं नये. नंतर मात्र खुशाल वाद घालावा. आवडली तर ती विकत घ्यावी. जाळ्यावर फुकट ऐकलेल्या गाण्यामागें गाणाऱ्याच्या हातीं पडतात ते पैसेच, रुपये नव्हेत. नाटकाचें तिकीट आणि मासिकाची वर्गणी आपण जशी न कुरकुरतां देतों, तशी ही द्यावी. मुलांच्या आवडीवर रागावण्यापेक्षां तिची किंमत मोजणें केव्हांही अधिक शहाणपणाचें. कारण ज्या घरांत गाण्याला मोल मिळतें, त्या घरांतूनच उद्यां कोणी गाऊं लागण्याचा संभव असतो.