‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ : सिग्नल शोधण्याची गोष्ट

आज मस्तिस्लाव चेर्नोव यांच्या ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ या माहितीपटाबद्दल बोलायचंय. २०२४ साली त्याला ऑस्कर मिळालं, त्यामुळे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. पूर्ण किती जणांनी पाहिलाय? बरं. दोष देत नाही, मीही एकदा मध्येच बंद केला होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला आणि युक्रेनच्या या बंदराला वेढा पडला. वीज गेली, फोन गेले. बाकीचे परदेशी वार्ताहर निघून गेले. उरले एपी वृत्तसंस्थेचे तिघं: चेर्नोव, छायाचित्रकार एव्हगेनी मालोलेत्का आणि निर्माती वासिलिसा स्तेपानेन्को.

‘युद्धाची भीषणता’ एवढंच या फिल्मबद्दल म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. माझ्या मते ही फिल्म सिग्नल शोधण्याची आहे. हसू नका. लुटल्या गेलेल्या एका किराणा दुकानाच्या जिन्याखाली वाकून बसायचं आणि चित्रण पाठवायचं, कारण रेंज तिथेच. शहरातले लोक यांनाच विचारतात, बाहेर काय चाललंय?

९ मार्चला प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडतो. चित्रं जगभर जातात आणि रशियाकडून उत्तर येतं: या बायका नट्या आहेत, हा बनाव आहे. इथे चेर्नोव वाद घालत बसत नाहीत. ते त्या बायकांना शोधायला दुसऱ्या रुग्णालयात जातात. एकीला मुलगी झालेली असते. स्ट्रेचरवरून नेलेली दुसरी बाळासकट गेलेली असते. खोट्याला उत्तर म्हणून पुन्हा बातमीदारीच. फिल्मचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दोन तक्रारी. पार्श्वसंगीत नको होतं. त्या आवाजांना मदतीची गरज नव्हती. दुसरी जास्त गंभीर. एक युक्रेनी पोलीस अधिकारी त्यांना मदत करतो, शेवटी बाहेरही काढतो. फिल्म हे लपवत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा. पण एका बाजूच्या पोलिसाच्या आधाराने काम करताना स्वतंत्र राहणं म्हणजे काय, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नाही. विचारला असता तर ती दुबळी झाली नसती, असं मला वाटतं.

१५ मार्चला ते तिघं बाहेर पडले. १६ मार्चला शहरातल्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत शेकडो लोक आसऱ्याला होते. मृतांचे आकडे अजून जुळत नाहीत.