भागीदाराची निवृत्ती

"टेनिसमध्ये आता काही राम उरला नाही," असं मी अलीकडे आठवड्यातून दोनदा तरी म्हणतो. म्हणण्याचा अधिकार विचाराल, तर काहीच नाही. जन्मात कधी रॅकेट धरली नाही. हातात कायम धरला तो बँकेचा रबरी शिक्का. त्याचा फोरहॅण्ड तेवढा माझा बरा आहे. पण ज्यानं तंबोरा उचलला नाही त्यानंच गाणं बिघडल्याची तक्रार करायची, ही आपली जुनी रीत आहे. संगीत नाटक बालगंधर्वांबरोबर संपलं असं छातीठोक सांगणारे निम्मे लोक बालगंधर्व गेल्यानंतर जन्मलेले असतात!

बी. कॉम.ला 'भागीदाराची निवृत्ती' नावाचा एक धडा असतो. पेढीतून एक भागीदार बाहेर पडला की पेढीच्या नावलौकिकाची, म्हणजे गुडविलची, किंमत काढतात. गुडविल म्हणजे काय? तर जे डोळ्यांना दिसत नाही, पण गिऱ्हाईक ज्याच्यासाठी पायऱ्या चढतं ते. परीक्षेत हे गणित मला कधी सुटलं नाही. पुढे ते टेनिसनं समजावून दिलं.

फेडरर, नदाल आणि जोकोविच ही त्या पेढीची नावं. २००३च्या विम्बल्डनपासून २०२३च्या अमेरिकन स्पर्धेपर्यंत पुरुषांच्या ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यांतल्या ६६ या तिघांनी नेल्या. फेडरर २०, नदाल २२, जोकोविच २४. उरलेल्या १५ साऱ्या जगानं वाटून घ्यायच्या. एवढी मक्तेदारी आमच्या कंधार तालुक्यात कुणा सावकारालाही जमली नसेल.

२००७ साली मी आमच्या शाखेत रुजू झालो, तेव्हा शेजारच्या काउंटरवर हेडकॅशिअर होते. ते नदालचे, म्हणून मी फेडररचा झालो. खरं सांगायचं तर आधी भांडण ठरलं आणि खेळ मागून कळला. ६ जुलै २००८ची विम्बल्डनची अंतिम लढत ४ तास ४८ मिनिटं चालली. पावसानं दोनदा थांबली आणि आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजल्यावर फेडरर हरून संपली. सोमवारी सकाळी हेडकॅशिअरांनी पेढ्यांचा पुडा आणला होता. त्या दिवशी माझी रोकड दोनशे रुपयांनी जास्त भरली. "दुःखात माणूस पैसे कमी मोजतो," एवढाच शेरा त्यांनी मारला.

पुढे १५ वर्षं आमचा हा फड चालला. जोकोविच आला तेव्हा मात्र आमचं एकमत झालं, की हा तिसरा माणूस आपल्या भांडणात उगाच पडतो आहे.

२३ सप्टेंबर २०२२ला लंडनमध्ये फेडरर शेवटचा खेळला. दुहेरीत जोडीला नदाल. दोघे हरले आणि शेजारी बसून हातात हात घेऊन रडले. सोमवारी हेडकॅशिअर म्हणाले, "बघा, तुमच्या माणसासाठी आमचा माणूस रडला. आता तरी माना!" त्याच महिनाअखेर तेही निवृत्त झाले. फेडररला साऱ्या स्टेडियमनं उभं राहून मान दिला. हेडकॅशिअरांना शाल, श्रीफळ आणि माझं भाषण मिळालं. नोव्हेंबर २०२४मध्ये मालागा इथं नदालनंही खेळ थांबवला. तेव्हा फोन करावा असं मनात आलं होतं. पण सांत्वनाला फोन केला तर तो टोमणा वाटेल, म्हणून राहिला. असे राहिलेले फोन कुठल्या खात्यात मांडतात, ते मात्र बी. कॉम.ला शिकवत नाहीत.

नावावाचून खेळाचं काय होतं, याची चुणूक मला आधीच मिळाली होती. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८मध्ये पुण्याला, बालेवाडीत आली. २०१९चा अंतिम सामना मी मुद्दाम जाऊन पाहिला. एकीकडे २११ सेंटिमीटरचा कार्लोविच, दुसरीकडे २०३ सेंटिमीटरचा अँडरसन. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. दोन विजेचे खांब एकमेकांवर वीज पाडत होते म्हणा ना! परत येऊन रंगवून सांगायला लागलो, तर हेडकॅशिअरांनी दोनच प्रश्न विचारले. "फेडरर होता? नदाल होता? मग एवढ्या लांब गेलता कशाला?" २०२१ वगळता २०२३पर्यंत ती स्पर्धा पाचदा झाली आणि २०२४ला वेळापत्रकातली तिची जागा हाँगकाँगला गेली. शाखेत कुणी चौकशीही केली नाही. मीही नाही.

आता माळेगावच्या यात्रेत कुस्त्या पाहणारा माणूस मी. मला हे आधीच कळायला हवं होतं. सकाळी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, तेव्हा मोठी माणसं चहा पीत असतात. ती येतात थेट शेवटच्या कुस्तीला आणि विचारतात, "हा पैलवान कुठून उपटला?" तो उपटलेला नसतो, सकाळी रेवड्या खाऊन वाढलेला असतो. २०१७ला चेन्नईचा अंतिम सामना वीस वर्षांचा मेदवेदेव नावाचा पोरगा हरला. आपण चहा पीत होतो. २०२१ला त्यानं न्यूयॉर्कमध्ये जोकोविचला, एकाच वर्षात चारही किताब घेण्याच्या उंबरठ्यावर, अडवलं. आपण विचारलं, "हा कोण?"

आमच्या किल्ल्याचंही तेच. राष्ट्रकूटांची सत्ता ९७३मध्ये संपली. पुढे बहामनी आले, निजामशाही, मोगल, निजाम आले. प्रत्येक वेळी खंदकाच्या काठावर बसून कुणी तरी म्हणालंच असेल, "आता किल्ल्यात राम उरला नाही."

हे सगळं मला कळलं ते ८ जून २०२५नंतर. फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना, सिनर विरुद्ध अल्काराझ. सिनरनं पहिले दोन सेट घेतले. "यात काय बघायचंय?" असं म्हणून मी झोपलो. मुलगी मात्र जागी राहिली. पुढे अल्काराझनं तीन मॅच पॉइंट वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी, मध्यरात्र उलटल्यावर, सामना जिंकला. त्या स्पर्धेतला तो सर्वांत लांबलेला अंतिम सामना. सकाळी मुलगी माझ्याकडे, लग्नात पंगतीआधीच उठून गेलेल्या पाहुण्याकडे पाहावं, तशी पाहत होती.

तेवढ्यात फोन वाजला. हेडकॅशिअर! कित्येक महिन्यांनी.

"बघितली का मॅच?"

"बघितली की!"

"शेवटपर्यंत?"

"म्हणजे काय! तुम्ही?"

पलीकडे जरा शांतता. "खरं सांगू का? दोन सेट झाले अन् डोळा लागला."

मग मीही कबुली दिली. बराच वेळ दोघं हसत होतो.

"पण पोरगा स्पेनचा आहे हं," ते म्हणाले. "म्हंजे आमचाच."

त्यांनी अल्काराझ घेतल्यावर माझ्या वाट्याला आपोआप सिनर आला. त्याची मला फारशी माहिती नव्हती. मुलीकडून शिकून घेतली. गुडविलचं गणित माझं इथं चुकत होतं. मी ते भागीदारांच्या नावावर मांडत होतो. त्यातलं निम्मं शेजारच्या काउंटरवर होतं.

१३ जुलैला विम्बल्डनमध्ये सिनरनं अल्काराझला हरवलं. या वेळी फोन मी लावला. त्यांनी उचलला नाही. तेव्हाच ओळखलं, माणूस जागा आहे!